चाचणीतला सांबार

दुसरीतल्या मुलासमोर कोथिंबिरीच्या जुडीचं चित्र ठेवलं. खाली चार शब्द: पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू. जोडी लाव म्हटलं. यवतमाळ-अमरावतीकडचं मूल चित्र पाहून मनात 'सांबार' म्हणतं, चारही शब्दांत सांबार शोधतं, सापडत नाही, आणि शेवटी पालकावर बोट ठेवतं. तक्त्यात नोंद होते: शब्दवाचन जमत नाही. त्या मुलाला चारही शब्द वाचता येत असतील. पण आपण ते वाचायला सांगितलेच नाहीत. पुण्याकडे सांबार इडलीसोबत येतो, आपल्याकडे तो भाजीवर भुरभुरतात, आणि गुण इडलीवाल्याला मिळतात.

असे शब्द आपल्याकडे ढीगभर आहेत. आपली बंडी बैल ओढतात. पाठ्यपुस्तकी मराठीत ती अंगात घालतात. गंज आपण चुलीवर ठेवतो, तिकडे तो लोखंडाला चढतो. 'बाबांनी बंडी धुऊन दोरीवर वाळत घातली' हे वाक्य वाचून मूल फिसकन हसलं तर खुशाल समजा की त्याला वाचता येतं. अर्थ लागल्याशिवाय हसू फुटत नाही. हसण्याचा रकाना मात्र कुठल्याच तक्त्यात नसतो.

म्हणून चूक मोजण्याआधी ती कुठून आली हे पाहावं लागतं. काही चुका अक्षराच्या असतात: 'घ' आणि 'ध'मधली गल्लत, सुटलेली वेलांटी, जोडाक्षर आलं की थांबणं. त्या खऱ्या वाचनाच्या चुका. काही बोलीच्या असतात. छापलेलं 'डोळा' पाहून मूल 'डोया' म्हणालं, 'पाणी' पाहून 'पानी' म्हणालं, तर त्याने अक्षर ओळखून ते घरच्या उच्चारात आणलं आहे. खात्री हवी असेल तर कागदावर 'माळ' आणि 'माय' लिहा. दोन्हींचा आवाज 'माय' असाच येईल. आता विचारा, गळ्यात घालायची कोणती आणि जेवण वाढणारी कोणती? बोट बरोबर पडलं की ळ आला. दहा सेकंदांचं काम.

तिसऱ्या प्रकारच्या चुका जगाच्या असतात, म्हणजे उताऱ्यातलं जग ओळखीचं नसल्याने होतात, आणि सगळ्यात कमी दिसतात. स्टेफेनसेन, जोग-देव आणि अँडरसन या संशोधकांचा १९७९चा अभ्यास इथे कामाचा आहे. त्यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना इंग्रजीतली दोन पत्रं दिली, एक भारतीय लग्नाचं आणि एक अमेरिकन लग्नाचं. आपल्या रीतीचं पत्र प्रत्येक गटाने लवकर वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. परक्या पत्राचे अर्थ मात्र फिरले. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला, हा तिकडे मान. भारतीय वाचकाला तो जुना, फॅशन गेलेला कपडा वाटला. प्रौढ, इंग्रजी येणारी माणसं होती ती. अक्षरांत कोणी अडलं नव्हतं. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८मध्ये ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्यांच्या पुढे गेली. बेसबॉलच्या जागी शंकरपट, म्हणजे आपली बैलांची शर्यत, ठेवून पाहा.

मेळघाटातल्या कोरकू मुलाची गोष्ट याहून वेगळी. कोरकू भाषा मुंडा कुळातली. गोंडी, कोलामी द्राविडी. या घरांत मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी-चौथी. तिथे वाचन मराठीतून घ्या, पण 'काय झालं ते सांग' हे कोरकूतून सांगू द्या आणि ऐकायला ती भाषा येणारी अंगणवाडी सेविका बसवा. 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या इंग्रजी चाचणीतही शब्दाचा अर्थ मुलाला त्याच्या भाषेत सांगता येतो. ही चांगली सोय आपण वर्गात विसरतो आणि इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच मागतो.

इंग्रजीची अडचण लिपीपासून सुरू होते. देवनागरीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. इंग्रजीत सी, ए, टी म्हटल्याने कॅट होत नाही. मग मूल 'सी-ए-टी कॅट' पाढ्यासारखं पाठ करतं आणि चाचणीत पुस्तकातलाच शब्द आला की पास होतं. पाठांतर आणि वाचन वेगळं करायचं तर पहिलं अक्षर बदला. 'बॅट' पाठ असेल तर 'मॅट', 'सॅट' द्या, आणि 'पिम'सारखा अर्थच नसलेला एखादा शब्दही द्या. (बनावट शब्द गावात शिवी तर होत नाही ना, हे आधी कुणाला तरी विचारा.) शिप आणि शीप यांतला ऱ्हस्व-दीर्घ, व चे दोन इंग्रजी उच्चार, 'स्टेशन'चं 'टेसन' यांवर गुण कापायचे नाहीत, हे तपासणाऱ्यांनी आधीच ठरवून घ्यावं. गावात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थही बदललेले असतात: 'लाईन' म्हणजे वीज, 'हॉटेल' म्हणजे चहा-भजीचं दुकान.

वेगाचंही तसंच. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द अपेक्षित आहेत. पण 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द, दहा अक्षरं. इंग्रजीत त्यालाच 'अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ द हाऊस' असे आठ शब्द लागतात. दोन्ही भाषांतला वेग शेजारी ठेवून तुलना करू नका. मराठीत तुलना करायचीच तर उताऱ्यातली अक्षरं मोजा.

आता शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, उतारा तयार करायचा तर एक साधी चाळणी लावा. उतारा न देता फक्त प्रश्न दहा मुलांना द्या. चार पर्याय असतील तर अंदाजाने दोन-तीन बरोबर येतील. सहा-सात जणांनी बरोबर उत्तर दिलं तर तो प्रश्न वाचन मोजत नाही, काढून टाका. कापूस वेचणीवरचे उतारे इथेच गळतात: फुलपात्यांपासून बोंडापर्यंत सगळं मुलांना आधीच ठाऊक. त्यामुळे सगळंच वावरातलं घेणं हाही उपाय नाही. चारांतले दोन उतारे ओळखीच्या जगातले, एक बाजार-एसटीचा, आणि एक अनोळखी जगाचा ठेवा. अनोळखी उताऱ्यात लागणारी माहिती त्यातच दोन वाक्यांत यायला हवी. 'शाळा कधी उघडते?' असला प्रश्न तर नकोच. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीला.

चाचणी घेण्याची रीतही परकीच असते. पोथी वाचताना एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्याने थांबायचं नसतं. आपण एकाच सात वर्षांच्या लेकराकडून दोन्ही कामं मागतो, तीही अनोळखी माणसासमोर. शिवाय घरात मोठं माणूस प्रश्न विचारतं ते त्याला उत्तर माहीत नसतं म्हणून. इथे साहेबांना उत्तर माहीत असतं, तरी विचारतात. मूल खाली मान घालतं आणि आपण शून्य लिहितो. चटईवर शेजारी बसा, कागद त्याच्या हातात द्या, पहिली दोन मिनिटं घरच्या बोलीत गप्पा मारा, आणि प्रश्नानंतर मनात दहापर्यंत मोजा. मग कुठे 'गप्प' लिहा, 'येत नाही' लिहू नका.

एका मुलाला सहा मिनिटं धरली तर पंचवीस मुलांना अडीच तास. ते तीन दिवसांत, खिचडीच्या आधी संपवा. पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत घेऊ नका. पुढे कापसाची वेचणी जोरात असतानाही नको, तेव्हा पटावरची निम्मीच मुलं सापडतील. नोंदवहीत बरोबर-चूक अशी खूण न करता मूल जे बोललं तेच लिहा: 'डोया', 'पालक', 'गप्प'. केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, पाच-सहा शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की बहुतेक शाळांत 'पालक' कुठल्या प्रश्नाला आलं, ते लगेच दिसेल.