ऐन पडला त्या साली

(दृश्य: जुलैतली सकाळ. आडव्या खोडावर टेकवलेला चाकू.)

चाकू रोवायचा आणि किती आत जातो ते बघायचं. नुसतं टोक घुसलं तर श्रेणी १. मुठीपर्यंत गेला तर ४ किंवा ५. झाड मेल्यावर किती कुजलंय, याचा पहिला अंदाज असाच घेतात.

हे खोड ऐनाचं. जंगल गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाचं, सामूहिक वनहक्काचं, म्हणजे कायद्यानं गावाच्या ताब्यातलं. इथं काम करायचं तर आधी ग्रामसभेची परवानगी. चाकू धरलेली ही मुलगी वनस्पतिशास्त्रात पीएचडी झालेली आहे आणि सध्या पोस्ट-डॉक्टरल संशोधक आहे. म्हणजे शिक्षण संपलंय, कायमची नोकरी लागायचीय. तिचा विषय एवढाच: जंगलात पडलेलं लाकूड कोण कुजवतं, आणि किती वेगानं.

(दृश्य: बॅटरीवरचं ड्रिल. फिकट भुसा कागदी पिशवीत पडतो.)

हा भुसा बघा. पांढुरका, तंतूतंतूंचा. याला पांढरी कूज म्हणतात. लाकडाला ताठपणा देतं ते लिग्निन. ते फोडणं फार थोड्या सजीवांना जमतं, या बुरशीला जमतं. पलीकडच्या खोडात मात्र रंग तपकिरी, लाकडाला चौकोनी भेगा, बोटात धरलं की चुरा. तिथली बुरशी सेल्युलोज खाऊन लिग्निन बरंचसं तसंच सोडते. दर छिद्रानंतर ड्रिलचं पातं स्पिरिटनं पुसून ज्योतीवर धरायचं, नाहीतर या झाडाची बुरशी त्या झाडाच्या नावावर जाते. कंटाळवाणं काम आहे. आम्हीच दोनदा कॅमेरा बंद केला.

सगळी झाडं सारखी कुजत नाहीत. काटेसावर काही पावसाळ्यांतच भुसभुशीत होते. सागाचं साललगतचं पांढरं लाकूड लवकर जातं. गाभा टिकतो, कारण त्यातली रसायनं वाळवीला आणि बुरशीला दाद देत नाहीत. दारं-खिडक्यांना साग का, ते इथं जमिनीवरच दिसतं.

(दृश्य: जाळीच्या पिशव्या. एकीला भोकं, दुसरीला नाहीत.)

या पिशव्यांत एकाच मापाचे लाकडाचे ठोकळे आहेत, आधी वाळवून वजन केलेले. बारीक जाळीतून बुरशी आणि जिवाणू आत जातात, वाळवीला वाट नाही. भोकं पाडलेल्या पिशवीत सगळ्यांना मुभा. काही महिन्यांनी पिशव्या उचलायच्या, ठोकळे १०५ अंशांवर भट्टीत वाळवायचे आणि पुन्हा वजन. बारीक जाळीत वजन घटलं ते बुरशी-जिवाणूंनी खाल्लं, भोकांच्या पिशवीत त्याहून जास्त घटलं ते वाळवीनं.

(दृश्य: खोड उलटवलं जातं. उधई.)

आणि ही उधई. इथली माणसं वाळवीला उधईच म्हणतात. तिच्यातल्या काही जातींना लाकूड एकटीनं पचत नाही. त्या ते चावून वारुळात नेतात, स्पंजासारखी पोळी रचतात आणि तिच्यावर बुरशी पिकवतात. बुरशी लाकूड मऊ करते, मग उधई ते खाते. शेतीच ही, माणसाच्या कितीतरी आधीची. पाऊस लागला की याच बुरशीच्या छत्र्या जमीन फोडून वर येतात.

(दृश्य: पळसाच्या पानांवर सात्या.)

त्या म्हणजे सात्या. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात आषाढ-श्रावणात सात्यांची वाट बघतात आणि बाजारात त्यांचा भाव मटणाशी स्पर्धा करतो. त्या दिवशी रस्सा झाला. तो चित्रित करायचं कुणालाच सुचलं नाही.

(दृश्य: बाबाजी काठीनं खोड दाखवतात.)

खरी अडचण वर्षांची आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची मुदत २ वर्षं, आणि मोठं खोड मातीत जायला दशकं लागतात. म्हणून वेगवेगळ्या साली पडलेली खोडं शोधून वहीत सालांच्या क्रमानं लावायची. पण पडल्याची तारीख कोण सांगणार? कुठल्याच दप्तरात ती नसते. ती गावातल्या बाबाजींना माहीत असते.

“हा ऐन कधी पडला, बाबाजी?”

“नोटबंदी झाली ना, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. वादळ आलं होतं जी.”

वहीत लिहिलं जातं: २०१६. पुढचा धावडा कोरोनाच्या साली पडला: २०२०. सागाचा एक बुंधा तर जिल्हा नवा झाला तेव्हाचा, असं बाबाजी म्हणतात. ते खरं असेल तर तो १९८२ चा. तिनं पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. बाबाजींना ते आवडलेलं नाही. शोधनिबंधात बाबाजींचा उल्लेख आभारात येईल. आमच्या मते तो लेखकांत यायला हवा.

(दृश्य: डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका.)

मोळीतलं लाकूड बघा, मनगटापेक्षा जाड नाही. मोठी खोडं या बायका नेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० च्या आदेशानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, वाऱ्यानं पडलेली झाडं काढायला मनाई आहे, त्यामुळे ताडोबात पडलेला साग जागीच राहतो. बाहेरच्या जंगलाला तेवढं संरक्षण नाही.

(दृश्य: अर्धं जळालेलं खोड.)

उन्हाळ्यातला वणवाही यांना सोडत नाही. कुजायला दशकं लागली असती, ते एका दुपारी धूर होऊन गेलं.

जगभरातल्या जंगलांच्या कार्बनपैकी सुमारे ८ टक्के मेलेल्या लाकडात आहे. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या, १३३ ठिकाणच्या अभ्यासात तापमान १० अंशांनी वाढलं की वाळवीकडून होणारी लाकडाची झीज ६.८ पटींहून जास्त वाढते, असं दिसलं. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो.

(दृश्य: दोन पोरं पट्टी धरून खोडाचा घेर मोजतात.)

पिशव्यांची शेवटची खेप पुढच्या मे महिन्यात उचलायची आहे. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपते. गावातल्या या दोघांना तिनं मोजमाप शिकवलंय. काटा, पट्टी आणि वही ग्रामसभेच्या कपाटात राहतील. भट्टी तेवढी नागपुरात शोधावी लागेल.