फिल्टर कॉफी: सगळा खेळ दुधासाठी

नमस्कार मंडळी, आज चहाच्या गावात बसून कॉफीवर बोलणार आहे, त्यामुळं ज्याला शिव्या घालायच्यात त्यानं आत्ताच घालून घ्या. कोल्हापुरात एखाद्यानं कॉफी मागितली की समोरचा पहिला प्रश्न काय विचारतोय? बरं वाटत नाही का! कारण आपल्याकडं कॉफी म्हणजे उपवासाला, नाहीतर घसा बसल्यावर, दुधात साखर टाकून उकळलेली आणि वर जायफळ किसलेलं. वाईट नाही ती, मला आवडते, तिच्यावर शेवटी येतो.

पण कागल ओलांडून हायवेला लागलं आणि निपाणी, बेळगाव, हुबळी करत खाली जात राहिलं की हळूहळू टेबलावर स्टीलचा पेला आणि त्याखाली पसरट वाटी दिसायला लागते. डबरा-टंबलर. आज त्या फिल्टर कॉफीबद्दल बोलायचंय, आणि माझं म्हणणं एकच आहे, की ह्या कॉफीतली प्रत्येक गोष्ट, ते काळपट भाजणं, ती चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळलेलं भाजलेलं मूळ, ते थेंबथेंब गळणं, सगळं दूध पेलायसाठी केलेलं आहे. फेस, उंचावरून ओतणं, ते रील्ससाठी ठीक आहे हो.

आधी ती आली कुठनं ते बघू. चिकमंगळूरच्या वर बाबा बुडनगिरी म्हणून डोंगर आहे. तिथं सांगतात की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजला गेले आणि येताना येमेनच्या मोखा बंदरातनं कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले, कारण अरब व्यापारी उगवणारी बी बाहेर जाऊ देत नव्हते. सात बियांची गोष्ट दंतकथा म्हणून घ्या, पण डोंगर खराच आहे आणि आजही तिथं कॉफी पिकते. आणि आपल्या भागातल्या दत्तभक्तांना सांगायला नको, तिथल्या गुहेला दत्तपीठ म्हणूनही लोक जातात, म्हणजे दर्गा आणि दत्त एकाच डोंगरावर.

मोठे मळे मात्र इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात लावले. मग 1869 ला श्रीलंकेत पानांवर तांबेरा पडला, तिथले कॉफीचे मळे बसले आणि मळेवाले चहाकडं वळले. आपल्याकडंही तांबेऱ्यानं त्रास दिलाच, म्हणून पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोबस्टा जातीची झाडं लावायला लागले, ती रोगाला दाद देत नाहीत. अरेबिका नाजूक, सुगंधी, थोडी आंबूस. रोबस्टा कडू, जाड, आणि कॅफिन जवळपास दुप्पट. आता भारतात रोबस्टाच जास्त पिकते आणि देशातली साधारण 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातनं येते, कोडगू आणि चिकमंगळूर हे दोन जिल्हे त्यात पुढं. झाडं उन्हात नसतात बरं का, मोठ्या झाडांच्या सावलीत असतात आणि त्या मोठ्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले.

आता एक गोष्ट जी फूडवाल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. कॉफी मद्रासकडं घराघरात गेली आणि तिथं ती बराच काळ ब्राह्मण घरांची, मध्यमवर्गाची खूण होती, हॉटेलांत ब्राह्मणांना बसायला वेगळी जागा असायची, हॉटेलांवर ‘ब्राह्मण हॉटेल’ अशा पाट्या असायच्या आणि तिथले समाजसुधारक पेरियार यांना त्या पाट्यांविरुद्ध आंदोलन करावं लागलं. कोण कुणाच्या हातचं पितो हा प्रश्न आपल्या कोल्हापुरातही होताच. इथं गंगाराम कांबळेंनी सत्यसुधारक नावाचं चहाचं हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, तर शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, सगळ्यांदेखत. महाराज पितात म्हटल्यावर सोबतच्या सरदारांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. पेल्यात चहा असो की कॉफी, तो कुणी दिला आणि कुणी घेतला हे तेव्हा पेल्याइतकंच महत्त्वाचं होतं.

बरं, आता चिकोरी. लोक म्हणतात भेसळ. अर्धं खरं आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून भाजून दळलेलं, कॅफिन शून्य. युरोपात नेपोलियननं ब्रिटनशी व्यापार तोडला तेव्हा कॉफी मिळेना म्हणून तिकडं हे मूळ जोरात चाललं, आणि मुंबईत 1888 ला सुरू झालेलं पोल्सन, जे लोण्यासाठी लोकांना आठवतं, त्यांनी आधी धंदा कॉफीचा केला, कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण विकून. म्हणजे सुरुवात काटकसरीची होती. पण दूध घालून पिणाऱ्याला त्यातनं काहीतरी वेगळंच गवसलं. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, त्यामुळं रंग गडद आणि चव जाडसर, भाजलेल्या साखरेसारखी कडवट-गोड. शिवाय ती पाणी धरून ठेवते, भुकटी फुगते, पाणी सावकाश खाली उतरतं. मग वर कितीही दूध ओता, कॉफी दबत नाही. नुसती चांगली अरेबिका घेऊन बघा, दुधात पार गायब होते.

प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, 80-20, 70-30, 60-40, पहिला आकडा कॉफीचा. कायद्यानं निम्म्याहून थोडी जास्त, 51 टक्के तरी कॉफी लागतेच. मी 80-20 च्या पुढं जात नाही, 60-40 मला काढ्यासारखी लागते, पण तिच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत.

फिल्टर म्हणजे एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात तीन चमचे भुकटी, वर दांडीची चकती हलकी दाबून, आणि उकळी येऊन जरा बसलेलं पाणी. झाकण लावा आणि विसरा. अर्धा तास तरी हात लावायचा नाही. चकती जोरात दाबली तर एक थेंब उतरणार नाही, अजिबात नाही दाबली तर सगळं भसकन खाली येऊन पाणचट होतंय. खाली जे जमतं ते डिकॉक्शन. मिसळीत जसा कट, तशी ह्याची जागा, हेच खरं, बाकी सगळं त्याच्याभोवती. आणि ते परत गॅसवर उकळायचं नाही, उकळलं की करपट कडू होतं, गरम दूध असतंय ना, त्यानंच गरम होऊ दे.

आणि इथं आपलं कोल्हापूर येतंय. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून देतात तसलं म्हशीचं दूध, साय धरणारं, गाईच्या दुधापेक्षा फॅट बरंच जास्त. ह्यात नेहमीचं एकास तीन प्रमाण, म्हणजे एक भाग डिकॉक्शन आणि तीन भाग दूध, घेतलं तर कॉफीची बासुंदी होते, खरं सांगतोय. म्हणून एकतर दुधात चौथा हिस्सा पाणी घाला, नाहीतर डिकॉक्शन वाढवा, एकास दोन. मी दुसरं करतो, दुधात पाणी घालायचं म्हटलं की घरात भांडण होतंय.

साखर आधी, मग डिकॉक्शन, मग दूध, आणि दोन-तीनदा डबऱ्यातनं पेल्यात. त्यानं साखर विरघळते आणि ओठ न भाजता पिता येतं, झालं.

आता आपली जायफळाची कॉफी. तिच्यात चिकोरीचं काम जायफळ करतंय, दुधात हरवणाऱ्या साध्या कॉफीला वास देतंय. चिमूटभर, गॅस बंद केल्यावर. फक्त दोन्ही एकत्र करू नका, डिकॉक्शनच्या कॉफीत जायफळ टाकलं की चिकोरी आणि जायफळ एकमेकांवर चढतात आणि कॉफीची चव कुठंच सापडत नाही.