जमिनीवरून उचललेले पाय

(निवेदन)

१२ जून १८१७. जर्मनीतील बाडेन राज्याचे ३२ वर्षांचे वनाधिकारी कार्ल फॉन ड्राइस मानहाइम शहरातून एका लाकडी दुचाकीवर बसून श्वेत्सिंगनच्या रस्त्याला लागले आणि वाटेतल्या टप्प्यावरून परत फिरून, जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरचे अंतर त्यांनी तासाभराच्या आत कापले.

हे वाहन जवळून पाहा. एकामागे एक अशी दोन लाकडी चाके आहेत आणि त्यांवर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव आहे. मध्ये बैठक, तिच्यासमोर हात टेकवायला एक आडवी फळी आणि पुढचे चाक वळवायला दांडा. वजन सुमारे २२ किलो. पेडल नाही, चेन नाही. स्वाराने बसल्या बसल्या दोन्ही पायांनी आळीपाळीने जमिनीला रेटा द्यायचा.

पेडल नाही म्हणून याला सायकल म्हणायला अनेक जण तयार नसतात. आम्हाला मात्र वाटते की खरा शोध इथेच लागला. एका रेषेतली दोन चाके उभी राहू शकत नाहीत, हे कोणीही सांगेल. पण ती धावत असताना, वाहन ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पुढचे चाक किंचित वळवले तर तोल सावरतो, आणि उतारावर पाय उचलून घेतले तरी स्वार पडत नाही. आजही मुलाला सायकल शिकवताना आपण हेच सांगतो.

१८१८च्या जानेवारीत ड्राइस यांना बाडेनमध्ये या वाहनाचे हक्क मिळाले. पण खडबडीत रस्ते टाळण्यासाठी स्वार पदपथांवर येऊ लागले, ठिकठिकाणी बंदी आली आणि ही हौस ओसरली. १८४९च्या क्रांतीत आपली सरदारकी सोडून देणाऱ्या ड्राइस यांचे १८५१मध्ये कार्ल्सरुहे येथे हलाखीत निधन झाले, याची खंत वाटते.

पाय जमिनीवरून कायमचे उचलले गेले ते १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. पुढच्या चाकाला पेडल जोडण्याचे श्रेय मिशो पितापुत्रांचे की १८६६मध्ये अमेरिकेत पेटंट घेणाऱ्या पिएर लालमां यांचे, हा वाद जुना आहे. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होत असल्याने वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे. त्यातून १८७०च्या दशकातली ती उंच सायकल आली, जिच्यावरून वाटेतल्या एखाद्या दगडाने स्वार डोक्यावर आपटत असे.

१८८५मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकलमध्ये चेनच्या साहाय्याने मागचे चाक फिरवले. पुढचे दातेरी चक्र मोठे आणि मागचे लहान ठेवल्यामुळे वेगासाठी उंच चाकाची गरज उरली नाही, आणि थांबताना स्वाराचे पाय पुन्हा जमिनीला टेकू लागले.

उरले होते हादरे. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८च्या सुमारास रबराची नळी हवा भरून एका लाकडी चकतीवर बसवली आणि ती, तसेच आपल्या मुलाच्या तीनचाकीचे एक चाक, अंगणात घरंगळत सोडून पाहिले. तीनचाकीचे चाक लवकर थांबले. हवेवर चालणारी चकती त्याच्या कितीतरी पुढे गेली.