खळ वाळेपर्यंत थांबणारा नायक

(अंबाजोगाईत वाचकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आपलं गाव लग्न न झालेल्या देवीचं. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड होऊन बसलं, ही कथा आपण सगळ्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. मी आज श्रीमंत नायकाच्या ज्या प्रेमकादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे, त्यांत मुहूर्त कधीच टळत नाही. शेवटच्या पानावर दोघं एकत्र येतात म्हणजे येतातच. तसा या जातीच्या कादंबरीचा वाचकाशी करारच असतो.

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. मुलींच्या दप्तरांतून असली पुस्तकं किती काढून घेतली, त्याची गणती नाही. सगळी परत दिली नाहीत, हेही आज कबूल करून टाकते.

मागच्या उन्हाळ्यात भाचीबरोबर संभाजीनगरहून एसटीने येत होते. शहागडला गोदावरी ओलांडली आणि मोबाइल मान टाकून बसला. भाची खिडकीला डोकं लावून झोपलेली. तिच्या पिशवीतून एक इंग्रजी कादंबरी डोकावत होती. मुखपृष्ठावर सुटातला पुरुष, तोही गळ्यापासून खाली. तोंड छापायची गरज प्रकाशकाला वाटली नव्हती. नाव सांगत नाही, उद्या वाचनालयात रांग लागेल.

माझा आक्षेप प्रेमावर नव्हता, पैशावर होता. नायक अब्जाधीशच का लागतो? आपल्याकडे तरुण आणि गडगंज म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पांढरी गाडी, प्लॉटिंगचा धंदा, मागे चार पोरं आणि चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. त्याच्यावर कोण भाळणार? पहिली वीस पानं मी हातात लाल पेन असल्यासारखी वाचली. नायकाची लंडनमध्ये हॉटेलं, स्वतःचं विमान, घड्याळ कुठल्या कंपनीचं तेही दोनदा सांगितलेलं. मी मनातल्या मनात समासात शेरे मारत होते.

मग तो नायिकेच्या दुकानात येतो. ती जुनी पुस्तकं दुरुस्त करणारी. त्याच्या मेलेल्या आईची पदार्थांची वही सुटी झालेली आहे, ती त्याला बांधून हवी आहे, आणि संध्याकाळपर्यंत हवी आहे. तिप्पट पैसे देतो म्हणतो. ती म्हणते, चिकटवायची खळ वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. तो पाचपट म्हणतो. ती त्याला स्टूल देते आणि पान धरून ठेवायला सांगते.

इथे मी लाल पेन खाली ठेवलं. आपल्या वाचनालयात गव्हाची खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. लहानपणी मी ते तासन्‌तास बघितलेलं आहे. घाई केली की पुठ्ठा वाकडा होतो, हे मला ठाऊक होतं. तो अब्जाधीश माणूस तिथे तीन तास पान धरून बसतो आणि हळूहळू आईबद्दल बोलायला लागतो. लेखिकेने पैसा एवढ्यासाठीच त्याच्या हाती दिला होता, की तो कुठे चालत नाही ते दाखवता यावं. गरीब नायक खळ वाळेपर्यंत थांबला, तर त्यात विशेष ते काय? त्याला थांबायची सवयच असते.

बस मांजरसुंब्याला थांबली, लोक चहाला उतरले, मी उतरले नाही. भाची जागी झाली आणि म्हणाली, "मावशी, तू तर खरंच वाचायलीस की!"

घरी आल्यावर मला प्रश्न पडला, की हा श्रीमंत नायक आला कुठून? जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ ची. तिचा नायक डार्सी नाचाच्या दिवाणखान्यात पाऊल टाकतो आणि पाच मिनिटांत त्याचं वार्षिक दहा हजार पौंडांचं उत्पन्न सगळीकडे झालेलं असतं. स्वभाव नंतर, उत्पन्न आधी. आपल्याकडच्या बायोडेटासारखंच. पण त्याने पहिली मागणी घातली, तेव्हा नायिका एलिझाबेथने त्या दहा हजारांसकट त्याला परत पाठवलं.

आणि त्यासाठी लंडनला तरी कशाला जायचं? आपल्या पैठणच्या नाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं. लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याचं पारायण करायची पद्धत अजून आहे. नायक कोण? सोन्याच्या द्वारकेचा धनी. नायिका घरात अडकलेली, भावाने शिशुपालाशी परस्पर ठरवून टाकलेलं. ती स्वतः पत्र लिहिते, ब्राह्मणाच्या हाती देते, आणि मला न्यायला ये म्हणून कळवते. देवळातून बाहेर येते आणि रथात चढते. माझ्या आईने हे मला सोवळ्यात बसून वाचायला लावलं होतं. भाचीच्या पिशवीतलं मात्र मी चोरून वाचलं!

त्याआधीही हीच कथा देवगिरीला झाली. महानुभाव कवी नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवराय यादवाला इतकं आवडलं, की दर ओवीमागे सोन्याचं नाणं देतो, काव्य माझ्या नावावर कर, असं तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. नरेंद्राने नकार दिला. आमच्या कविकुळाला बोल लागेल, म्हणाला. मला तर ही राजाची गोष्ट त्या हॉटेलवाल्याचीच वाटते. फक्त राजाला कोणी स्टूल दिलं नाही.

आता जे खटकलं तेही सांगते. एवढ्या हॉटेलांतल्या चादरी कोण धुतं, हे तीनशे पानांत कुठे येत नाही. आपल्या केज-धारूरकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईने लग्नं उरकली जातात. पैसा आणि लग्न यांची गाठ मी अशी पाहिलेली आहे. कादंबरीतल्या पैशाला घामाचा वासच नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

तरीही ती मला आवडली, आणि त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा सापडलं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, आणि माझ्या वर्गातल्या किती मुलींच्या बापांनी त्यानंतरही शेत विकलं ते मी पाहिलेलं आहे. या अख्ख्या कादंबरीत नायिकेच्या बापाला कोणी काही मागत नाही. मानपान नाही, गाडी नाही, "तुमच्या हौशीने काय ते द्या" नाही. विमान वगैरे ठीक आहे, पण मला सगळ्यात मोठी चैन ही वाटली. आमच्या शाळेतल्या मुली दप्तरात काय लपवत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

भाचीकडे त्याच लेखिकेची आणखी दोन पुस्तकं आहेत. एकातला नायक खाणमालक आहे. खाणमालकांबद्दलचं माझं मत अजून जागेवर आहे. शनिवारी परत संभाजीनगरला जायचंय, बीडपर्यंत तरी टिकतंय का बघू.