‘कायर्क्रम’ दुरुस्त करताना

[दृश्य : पडद्यावर एक जुनी फाइल. मजकूर स्वच्छ मराठीत. माउसचा बाण फाँटच्या यादीकडे सरकतो.]

या पानात काही बिघडलेलं दिसत नाही. वेलांट्या जागेवर, रफार जागेवर. आता फक्त फाँट बदलू.

[दृश्य : क्षणात सगळं पान रोमन अक्षरांनी भरतं.]

‘भारत’ एवढा एकच शब्द घ्या. कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेला ‘भारत’ संगणकाच्या लेखी पाच इंग्रजी अक्षरं आहेत : एच, के, के, जे, आर. मोठा एच म्हणजे दांडी नसलेला भ. पहिला के ही त्याची दांडी. दुसरा के हा काना. दांडी आणि काना दिसायला सारखेच, म्हणून एकाच खिळ्यावर दोन्ही कामं भागवली.

त्या काळात ही मोठी हुशारी होती. फाँटमध्ये जागा २५६, त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीने आधीच धरलेल्या. सगळी जोडाक्षरं मावणार कशी? मग अक्षरांचे तुकडे केले आणि इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवले. वर्तमानपत्रं, पुस्तकं, कचेऱ्यांचे कागद याच फाँटांवर निघाले. फक्त कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं.

मग आला युनिकोड : जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरं मिळाली. ‘क’चा क्रमांक ०९१५, ऱ्हस्व वेलांटीचा ०९३एफ. फाँट कोणताही लावा, क हा कच राहतो.

[दृश्य : इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर बोटं. अगदी जवळून.]

‘कि’ कसा उमटतो ते पाहा. आधी ‘के’ची कळ, क आला. मग ‘एफ’ची कळ, आणि वेलांटी क ओलांडून डावीकडे जाऊन बसली. साठवताना मात्र क आधी आहे आणि वेलांटी नंतर, उच्चाराच्या क्रमाने. जुन्या फाँटात क्रम लेखणीचा : आधी वेलांटी, मग अक्षर. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना बऱ्याच चुका होतात त्या इथे.

[दृश्य : रूपांतरानंतरचा मजकूर. ‘स्िथती’ या शब्दावर कॅमेरा थांबतो.]

‘स्थिती’मध्ये वेलांटीने अर्धा स आणि थ, दोन्ही ओलांडायला हवेत. या कन्व्हर्टरने, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, तिला एकच घर पुढे सरकवलं. वेलांटी अधांतरी राहिली आणि ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं.

रफाराचं उलट. जुन्या फाँटात तो अक्षर झाल्यावर, डोक्यावर दिला जायचा. युनिकोडमध्ये तो आधी येतो, कारण बोलताना र आधी येतो. त्याला मागे नेलं नाही, तर ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो, ‘सर्व’चा ‘सवर्’, ‘वर्षा’चा ‘वषार्’. आणि मागे न्यायचं तेही पूर्ण. आधी काना-मात्रा, अनुस्वार ओलांडायचे, मग अख्खं जोडाक्षर. ‘मर्त्य’मध्ये रफार एकच अक्षर मागे गेला, तर ‘मत्र्य’ हाती येतो. ही चूक जास्त वाईट, कारण इथे वर्तुळ दिसत नाही. नजर सरळ पुढे जाते.

[दृश्य : फाइलचे गुणधर्म. फाँटची नावं.]

म्हणून कामाचा क्रम पाळायचा. आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवायची. ती कधीही टाकायची नाही. मग फाँटचं नेमकं नाव पाहायचं, आकड्यासकट, कारण एकाच घराण्यातल्या दोन फाँटांची घरंही वेगळी असू शकतात. फाइल साध्या टेक्स्टमध्ये साठवायचा मोह तर टाळाच. त्यात फाँटची माहिती पुसली जाते, आणि मजकुरातले खरे इंग्रजी शब्द कोणते, मराठीचे तुकडे कोणते, हे सांगायला काही उरत नाही. कन्व्हर्टर मग इंग्रजी नावांचीही देवनागरी खिचडी करतो. कोणत्या तुकड्याजागी कोणतं अक्षर, याच्या कन्व्हर्टरमधल्या तक्त्यात लांब जुळण्या आधी बदलायच्या, सुटे तुकडे नंतर. तसं केलं नाही, तर ‘भ’ची दांडी काना होऊन बसते.

शेवटी एक तपासणी : पाय मोडलेल्या अक्षरामागोमाग काना, मात्रा किंवा वेलांटी कुठे आली आहे का, ते अख्ख्या फाइलमध्ये शोधा. मराठीत अशी जोडी कधीच येत नाही. सापडेल तिथे चूक आहे.

हे होईपर्यंत फाइलमधला शब्द शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ‘भारत’च्या जागी ‘एच-के-के-जे-आर’ ऐकवतं.

[दृश्य : पडद्यावर दोनदा ‘दऱ्या’. एकसारखेच दिसणारे दोन शब्द. शोधल्यावर एकच पिवळा होतो.]

मराठीचं खास दुखणं हे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ‘ऱ’चा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा सांधा घालतात. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधाला कळतो. फाइलभर एकच तऱ्हा ठेवा, पहिली. इनस्क्रिप्टवर ती सोपी आहे : शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, मग य.

[दृश्य : मराठी विकिस्रोत, इंटरनेटवरचं मुक्त ग्रंथालय. एका बाजूला छापील पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर.]

आणि फाइलच उरली नसेल, तर? मग छापील पानावरून. पान स्कॅन करून यंत्राकडून वाचून घ्यायचं. यंत्र घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गल्लत करतं, म्हणून पुढचं काम माणसांचं. इथे स्वयंसेवक छायाचित्र आणि मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतात. न तपासलेलं पान लाल. एकाने तपासलं की पिवळं. दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं.

[दृश्य : पानाच्या तळाशी रंगीत गोलांची ओळ. बाण पिवळ्यावर क्लिक करतो.]

ज्याने पान पिवळं केलं, त्याला हिरवा गोल दिसतच नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणालातरी यावं लागतं.

[दृश्य : पुस्तकाची अनुक्रमणिका. पिवळ्या चौकोनांच्या लांबच लांब रांगा.]