न शिवता कळलेली जागा

(दृश्य : काचेवर सोन्याचा वर्ख)
हा सोन्याचा वर्ख. श्वास लागला तरी फाटेल, म्हणून काचेवर चिकटवलेला. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने असाच वर्ख विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला आणि त्यातून वीज सोडली. चुंबकाचा जोर वाहकावर पडतो, त्यातल्या प्रवाहावर नाही, असं भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लिहून ठेवलं होतं. हॉलला ते पटेना. त्याने वर्खाच्या समोरासमोरच्या कडांना गॅल्व्हानोमीटर, म्हणजे क्षीण प्रवाह दाखवणारा मापक, जोडला. काटा हलला! प्रवाह चालला होता लांबीच्या दिशेने, आणि व्होल्टेज मिळत होतं रुंदीच्या दिशेने. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून १८ वर्षं होती.

चुंबकीय क्षेत्रातून जाताना विद्युतभार एका कडेला ढकलले जातात. तिथे दाटी होते, समोरची कड ओस पडते. हा फरक म्हणजेच हॉल व्होल्टेज. धातूत तो फार क्षीण, कारण इलेक्ट्रॉन अफाट. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात ते मोजकेच, म्हणून तेवढाच प्रवाह वाहून न्यायला त्यांना भरधाव पळावं लागतं, आणि जितका वेग जास्त, तितका चुंबकाचा रेटाही जास्त.

(दृश्य : चिप, चुंबक, ऑसिलोस्कोप)
वर्खाची जागा आता अर्धवाहकाच्या या चिपने घेतली आहे. हाच हॉल सेन्सर. चुंबक जवळ येतोय, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची व्होल्टेजची रेघ चढतेय. मागे नेला, उतरली. मध्ये प्लास्टिक धरलं तरी रेघ ढळत नाही.

(दृश्य : उघडलेली ब्रशलेस मोटार)
इथे असे तीन सेन्सर आहेत. रोटर, म्हणजे चुंबक बसवलेला फिरता भाग, फिरतो तसा प्रत्येकासमोर कधी उत्तर ध्रुव येतो, कधी दक्षिण. तिघांच्या हो-नाहीतून सहा जुळण्या बनतात आणि पुढची वीज कोणत्या गुंडाळीला द्यायची, हे कंट्रोलरला कळतं.

(दृश्य : झिजलेला पोटेन्शिओमीटर)
आणि फिरत्या भागाची जागा ओळखायची ही जुनी पद्धत, पट्टीवर सरकणाऱ्या टोकाची. कार्बनच्या पट्टीवरचा हा चर बघा. जागा सांगायची तर घासायलाच हवं, आणि घासलं की झीज ठरलेलीच.

(दृश्य : फिरता दांडा, टोकाला चुंबक)
इथे काहीच घासत नाही. दांड्याच्या टोकाला गोल चुंबक, समोर थोडं अंतर सोडून चिप. ती क्षेत्राचे दोन काटकोनी घटक मोजते, एक साइन, दुसरा कोसाइन. दोघांच्या गुणोत्तरावरून कोन निघतो. तापमान आणि शेजारचे चुंबक मोजमाप बिघडवू शकतात, त्यासाठी दुरुस्तीची सोय करावी लागते.

दांडा अर्धा अंश वळला. पडद्यावरचा आकडा बदलला.