मन कुठे अडकतं?

श्रोतेहो, नमस्कार.

वेबच्या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आत्ता काय शिकू?" कुठली लँग्वेज, कुठलं फ्रेमवर्क (म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा), कशाला मागणी आहे? प्रश्न पोटापाण्याचा आहे, तो विचारायलाच हवा. पण या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं, की त्याआधी स्वतःला एक विचारावं : कुठली अडचण समोर आली, की ती सोडून उठावंसंच वाटत नाही?

मला हे फार उशिरा उमगलं. माझी सुरुवात फ्लॅश या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. आज विशीत असलेल्यांनी कदाचित ते पाहिलंही नसेल, पण एके काळी वेबसाइटवर जे काही हलायचं, वाजायचं, उलगडायचं, ते बहुतेक फ्लॅशमधलं असायचं. टाइमलाइनवर एकेक फ्रेम पुढेमागे सरकवत मी रात्री जागवल्या. मग २००७ साली आयफोन आला आणि त्यात फ्लॅश चालेना. २०१० मध्ये आयफोन बनवणाऱ्या अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणं सांगितली. २०१७ मध्ये खुद्द अडोबीनं, म्हणजे फ्लॅशच्या मालक कंपनीनं, ते बंद करण्याची मुदत जाहीर केली, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार संपला. माझं त्या काळातलं काम आज साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. ते आठवलं की अजूनही चुटपुट लागते.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब घडवलं आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगापुढे आणलं. त्या सुरुवातीच्या पानाची जपून ठेवलेली प्रत आजच्या मोबाइलवर नीट वाचता येते. मथळा, मजकूर, दुवे; बस्स, एवढंच आहे त्यात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबची पानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, पुढे कितीतरी भर पडली, पण जुनी पानं मोडणार नाहीत याची काळजी घेतली गेली. म्हणून शिकणाऱ्यांना मी आधी एचटीएमएल, पानाचं रूप ठरवणारं सीएसएस आणि पानाला प्रतिसाद द्यायला लावणारं जावास्क्रिप्ट पक्कं करायला सांगते. ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे पानं पुरवणाऱ्या संगणकाकडे, काय मागतो आणि सर्व्हर काय उत्तर देतो, हेही. फ्रेमवर्क यावर चढतात आणि उतरतात.

पण पाया पक्का झाला म्हणून समाधान मिळतंच असं नाही. माझा पाया पक्का होता, नोकरी चांगली होती, आणि तरी सकाळी कामाला बसायचं जिवावर यायचं.

मग एक दिवस आला. आमच्या पानावरचा अर्ज एक बाई भरून बघणार होत्या. त्यांना दिसत नाही. त्या स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मी शेजारी बसले होते. आवाज येत होता : "बटण. बटण. बटण." आम्ही बटणांवर सुंदर चित्रं काढली होती आणि एकालाही नाव दिलं नव्हतं. कुठलं बटण अर्ज पाठवतं आणि कुठलं सगळं पुसून टाकतं, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. त्या शांत होत्या. मला मात्र बसवेना.

त्या रात्री मी प्रत्येक बटणाला नाव दिलं. मग रकान्यांकडे वळले. रकान्यात फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टाइप करू लागताच नाहीशी होते, म्हणून लेबल बाहेर हवं. फोन नंबर भरताना मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड यायला हवा. एक चूक झाली म्हणून भरलेली दहा उत्तरं पुसली जाऊ नयेत. चूक नेमकी कुठे झाली, हे शब्दांत सांगायला हवं. नुसती लाल चौकट सगळ्यांना दिसत नाही. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना वेब वापरता यावं यासाठीचे, जागतिक निकष १९९९ पासून आहेत. साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं, इतक्या नेमकेपणानं त्यांत लिहिलं आहे. मी ते तेव्हा पहिल्यांदा मन लावून वाचले.

तुमचं मन अर्जांत अडकेल असं मुळीच नाही. एखादं पान उघडायला वेळ लागला की कुणाला चैन पडत नाही, आणि ते कुठली फाइल जड आहे हे शोधत बसतात. कुणाला वाक्यरचना खटकते. कुणाच्या मनात येतं, मी दिलेली माहिती जाते कुठे, आणि ती कुणी चोरली तर? एके काळी हे सगळं एकटा वेबमास्टर, म्हणजे वेबसाइट सांभाळणारा माणूस, बघायचा. आज यातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र काम झालं आहे, आणि एकातून दुसऱ्यात जाण्यात कमीपणा काहीच नाही.

आता एआय आलं आहे आणि मुलं घाबरली आहेत. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. चित्र बघून पान उतरवून देणं हे काम यंत्र क्षणात करतं, आणि तेवढ्याच भरवशावर राहणं आता धोक्याचं आहे. पण यंत्रानं दिलेल्या पानातही मला बिननावाची बटणं सापडतात. ती ज्याला खुपतात, त्यालाच सापडतात.

एक करून बघा. महिनाभर रोज झोपण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहा : आज कुठल्या कामात वेळेचं भान राहिलं नाही, आणि कुठलं काम उद्यावर ढकललं. मीही असं लिहिलं होतं. महिन्यानंतर वही चाळली, तर अॅनिमेशन हा शब्द ढकललेल्या कामांत होता, आणि दुसऱ्या बाजूला पानामागून पान अर्ज, रकाने, लेबलं.

तेव्हापासून मी अर्जच करते आहे. नमस्कार.